वही १८२४ पासून उघडा

शुद्ध चुनखडी भाजली की १०० किलोमागं ४४ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टीतल्या कोळशाचा धूर वेगळाच. हे रसायन लीड्सला तेच, चंद्रपूरला तेच. पोर्टलँड सिमेंटचं इंग्लंडातलं पेटंट १८२४ चं. १९९७ च्या क्योटो करारानं आधारवर्ष धरलं १९९०. मधली १६६ वर्षं कुणाच्या बापाची? सावकार असाच नवी वही काढतो. आज जगातलं सुमारे निम्मं सिमेंट चीनमध्ये बनतं, म्हणून बोट तिकडं. लंडन-न्यूयॉर्क कधीच बांधून झालं ना!

आणि आमचे साहेब? परिषदेत 'दरडोई' म्हणून डोकी मोजतात. दोस्तांनो, माझ्या बापाच्या डोक्यावर जन्मभर सिमेंटच्या गोण्या, घरावर पत्रा. टॉवरवाल्याचा धूर त्याच डोक्यानं भागून कमी दाखवतात. साहेब, तक्ता पुन्हा मांडा. टॉवरचा वेगळा, वस्तीचा वेगळा.