पदवीधरांचं मत आणि आईचा प्रश्न

मला शिकवलेले एक सर पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेला उभे आहेत. सर आपल्यातलेच. "शिकलेल्यांनी शिकलेल्यालाच निवडून द्यावं," असं ते फोनवर म्हणाले. फोन ठेवला तेव्हा आईने विचारलं, "मलाही आहे का मत?"

नाही. विधान परिषद असलेल्या सहाही राज्यांत हे मत पदवी मिळून तीन वर्षं झालेल्यांनाच आहे. तेही दर निवडणुकीला १८ नंबरचा अर्ज भरून नव्याने नाव नोंदवलं तर. जिने दुसऱ्याच्या शेतात खुरपून माझी फी भरली, ती या यादीत नाही. शिवाय कलम ३३२ चं आरक्षण विधानसभेपुरतं. परिषदेत अनुसूचित जाती-जमातींसाठी एकही जागा राखीव नाही.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देणारे बाबासाहेबही तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. अस्पृश्यांसाठी मताधिकाराच्या अटी सैल करा, त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या, ही त्यांची मागणी होती.

म्हणून सरांना माझा एकच प्रश्न आहे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचं मानधन तुम्ही मांडालच, ते मांडायलाच हवं. पण रखडलेली शिष्यवृत्ती आणि शेतमजुराची मजुरी यांवर सभागृहात कधी उभे राहाल? त्या माणसांचं मत तुम्हाला लागत नाही, म्हणूनच विचारतोय.

मी नाव नोंदवलंय. तुम्हीही नोंदवा. आणि मत मागायला येणाऱ्याला आपल्या आईच्या वतीने प्रश्न विचारा.