करारात नसलेले कलम

चैत्रातील यात्रांचे दिवस जवळ आले की अवसरी बुद्रुकसारख्या आंबेगाव-जुन्नरमधील गावांच्या यात्रा-कमिट्या नारायणगावची वाट धरतात. तमाशाच्या फडांच्या राहुट्या तेथे लागलेल्या असतात. तारीख, रक्कम आणि विसार यांवर घासाघीस होऊन सुपारी ठरते. अवकाळी पावसाने खेळ बुडाला तर तोटा कोणाचा, हेही त्याच वेळी बोलून घ्यावे लागते. बोलणी होतात ती कमिटी आणि फडमालक यांच्यात. हंगामाआधी उचल घेऊन बांधला गेलेला ढोलकीवाला त्या बैठकीत नसतो.

मुंबईच्या वकिली कचेऱ्यांत करमणुकीच्या कंपन्यांचे जे सौदे होतात, त्यांची रीत याहून फारशी निराळी नाही; आकडे तेवढे अवाढव्य. झी आणि सोनी यांनी डिसेंबर २०२१ मध्ये विलीनीकरणाचा करार केला. दोन वर्षे मंजुऱ्या गोळा करण्यात गेली, नव्या कंपनीची सूत्रे कोणाच्या हाती यावर बिनसले, आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने करार संपुष्टात आणला. सौदा फिसकटल्यास द्यावयाची भरपाई करारात आधीच लिहिलेली होती. सोनीने त्यापोटी ९ कोटी डॉलर मागितले. ऑगस्ट २०२४ मध्ये उभय पक्षांनी दावे मागे घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रिलायन्स व डिस्ने यांचा भारतातील धंदा एकत्र आला. त्याचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरले गेले.

असे करार लिहिताना भांडवलाच्या प्रत्येक भीतीला एक कलम मिळते. लपलेले कर्ज निघाले तर काय, जुने खटले कोणाच्या गळ्यात, ठरल्या मुदतीत मंजुरी न मिळाल्यास काय, हे ओळीओळीने भांडून ठरते. कायम नोकरांच्या सेवेच्या सलगतेचेही कलम सामान्यतः असते, हे मान्य केले पाहिजे. खरी मेख पुढेच आहे. वाहिन्यांवरील बहुतेक मालिका बाहेरचे निर्माते करून देतात. तेथील प्रकाशयोजनेचा कामगार, रंगभूषाकार, दुय्यम नट हे वाहिनीचे नोकरच नव्हेत. नव्वद दिवसांनी पैसे मिळण्याची सवय त्यांना लावण्यात आली आहे. मालक बदलला, मालिका बंद पडली, तर त्यांची थकबाकी कोणत्याच परिशिष्टात सापडत नाही.

हे अटळ आहे काय? २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने चित्रपटाच्या गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क असा बांधून दिला की, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून तो कोणाला लिहून देता येत नाही. निर्मात्यांचा विरोध होता. संसदेने तो मानला नाही. म्हणजे दोन धनिकांना खोडता न येणारे कलम कायदा घालू शकतो.

स्पर्धा आयोगापुढे असा सौदा येईल तेव्हा कामगार संघटनांनाही ऐकले जावे, आणि निर्मात्यांकडे अडकलेल्या मजुरीची जबाबदारी खरेदीदारावर टाकावी, ही मागणी चित्रपट-दूरचित्रवाणी कामगारांच्या संघटनांनी आता लावून धरावी. नारायणगावी जाणाऱ्या कमिट्यांत आपले कार्यकर्ते असतातच. सुपारीच्या कागदावर फडातील कलावंतांचा मेहनताना आणि तो देण्याची तारीख लिहून घ्यायला त्यांना कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.