दिसत नाही म्हणून दुखणे खोटे?
मावळात वाकून भातलावणी करणारी बाई असो की लोणावळ्यातला गटार उपसणारा कामगार, कंबर वर्षानुवर्षे दुखते. एक्स-रेत काही दिसले नाही की मालक-मुकादम म्हणतात, ‘सोंग आहे!’ वैद्यकशास्त्र तसे म्हणत नाही. जखम भरली तरी मज्जासंस्था अतिसंवेदनशील राहू शकते; दुखणे झोप आणि उमेद खाते. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या रोगसूचीत स्वतंत्र स्थान आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मात्र ते नाही. विज्ञानाने मान्य केलेले दुखणे कायदा कधी मानणार? शासनाने ते यादीत घ्यावे. तोवर कामगार बंधू-भगिनींनो, तपासणीचा प्रत्येक कागद जपून ठेवा. न्यायालयात तोच तुमचा साक्षीदार!