पानं आपोआप गायब होत नाहीत, कुणीतरी उडवतं!

आमच्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता वर्षभरात उखडला. दोष दायित्व कालावधी अजून चालू आहे, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने करायची. हे आम्हाला कळलं कुठून? नगरपालिकेच्याच वेबसाइटवर टाकलेल्या कार्यारंभ आदेशावरून. मी ती लिंक तक्रार अर्जात लिहून दिली होती. सोमवारी बांधकाम विभागात गेलो, तर साहेब म्हणतात, "अहो, तुमची लिंकच उघडत नाही."

मोबाइलवर उघडून बघितली. ४०४. पान सापडत नाही.

मधल्या काळात नवी वेबसाइट आली ना! वर फिरते फोटो, खाली शुभेच्छा. जुने ठराव, निविदा, कार्यारंभ आदेश मात्र साफ. विचारलं तर ठरलेलं उत्तर: "तांत्रिक अडचण."

माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून सांगतो. शेकडो पानं कुणी हाताने एकेक काढत बसत नाही. वर्डप्रेससारख्या प्रणालीत दहा ओळींचा कोड पुरतो. पानांची यादी मागवायची, यादीवर फिरायचं, एकेक पान डिलीट करत जायचं. चहा गार व्हायच्या आत काम खलास. पण वर्डप्रेसने यात एक कडी ठेवली आहे. नुसतं डिलीट म्हटलं तर पान आधी कचरापेटीत जातं आणि सेटिंग बदललेलं नसेल तर ३० दिवस तिथेच राहतं. कायमचं उडवायचं तर त्याच आदेशात आणखी एक शब्द मुद्दाम लिहावा लागतो: 'ट्रू'. म्हणजे, हो, नक्की उडव.

आता तीनच शक्यता उरतात. कुणीतरी तो शब्द लिहिला. किंवा महिनाभर कचरापेटीत कुणी डोकावलंच नाही. किंवा जुना डेटा नव्या साइटवर आणलाच नाही. यातली अडचण कोणती आणि माणसाचा निर्णय कोणता, तुम्हीच ठरवा. चूक कुणाचीही होते. मीही एकदा चुकीच्या यादीवर असा कोड चालवलाय. बॅकअप होता म्हणून वाचलो, आणि ग्राहकाला त्याच दिवशी फोन करून सांगितलं. इथे साधी सूचनासुद्धा नाही.

"जुनं किती दिवस ठेवायचं, साइट जड होते," असंही ऐकवतात. अहो, तुमच्या फिरत्या पट्टीतला एक फोटो ठरावांच्या कित्येक पानांपेक्षा जड असतो! आणि माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ४ काय सांगतं? नोंदी सूचीबद्ध ठेवा, माहिती कुणी मागायच्या आधी स्वतःहून प्रसिद्ध करा. प्रसिद्ध करा आणि नंतर गुपचूप पुसा, असं त्यात कुठेही नाही.

आता कामाची गोष्ट. वर्डप्रेसमध्ये पान डिलीट झालं तरी त्याला जोडलेली पीडीएफ त्यासोबत जात नाही. ती फाइल अपलोडच्या फोल्डरमध्ये तशीच पडून राहते, वेगळी काढेपर्यंत. त्यामुळे "आता काही मिळणार नाही" हे उत्तर जुना सर्व्हर आणि बॅकअप तपासल्याशिवाय ऐकून घ्यायचं नाही.

मुख्याधिकाऱ्यांकडे माझ्या मागण्या साध्या आहेत:
१. किती आणि कोणती पानं काढली, कुणाच्या आदेशाने, याची यादी जाहीर करा.
२. बॅकअपमधून जुनी कागदपत्रं परत आणा आणि जुन्या लिंका नव्या पत्त्यांकडे वळवा.
३. यापुढे बॅकअप आणि लेखी मंजुरी यांशिवाय एकही पान काढायचं नाही, ही अट वेबसाइटच्या ठेक्यात घाला.

माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकतोय. तुम्ही एवढंच करा: आपापल्या वॉर्डातल्या जुन्या लिंका उघडून बघा, बंद असलेल्या कॉमेंटमध्ये टाका. आणि कुणी पीडीएफ उतरवून ठेवली असेल तर जपून ठेवा. नगरपालिकेने पुसलेला रस्त्याचा कागद कदाचित तुमच्याच मोबाइलमध्ये शिल्लक असेल.