अठरा वर्षे पूर्ण झालेल्या दिव्यांग मुलांच्या अडलेल्या लाभांबाबत निवेदन

प्रति,
मा. सचिव, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
मार्फत : मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर

महोदय,

कोल्हापूर जिल्ह्यातील बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांग मुलांचे पालक हे निवेदन पुन्हा एकदा सादर करीत आहेत. आधीच्या निवेदनांवर पोचेचे शिक्के पडले, ‘कार्यवाही सुरू आहे’ अशी उत्तरेही आली. कार्यवाही मात्र कोणाच्या दारापर्यंत आली नाही.

मूल अठराचे झाले की विशेष शाळा संपते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली तपासणी थांबते, बौद्धिक दिव्यांगत्वाचा दाखला नव्याने काढावा लागतो. एवढे पालक सोसतात. खरा घाव बसतो तो बँकेत.

आईच्या सहीवर चालणारे अज्ञान खाते त्या दिवशी अडते. मुलगा सज्ञान झाला, आता त्याची सही आणा, असे काउंटरवर सांगतात. सही येत नसेल तर अंगठा मागतात. सेरेब्रल पाल्सीने आवळलेली मूठ उघडत नाही आणि यंत्रावर ठसा उमटत नाही. मग पालकत्वाचे प्रमाणपत्र आणायला सांगतात. आईवडिलांना त्याचा अर्ज करता येतो तोच अठरा पूर्ण झाल्यावर. म्हणजे अर्ज, त्रुटी, चौकशी आणि बैठक होईपर्यंत खाते बंदच. राज्याने २०२५ मध्ये दिव्यांगांचे निराधार अनुदान १५०० वरून २५०० रुपये केले, त्याचे पालकांनी मनापासून स्वागत केले. पण हे पैसे आता थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि अडचण त्याच खात्याची आहे. नवऱ्यामागे शेतमजुरी करणारी चंदगड तालुक्यातील एक आई शंभरहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून या प्रमाणपत्रासाठी कोल्हापूर गाठते. सोबत जवान मुलगा, त्याचे डायपर, औषधे. रोजगार बुडतो तो वेगळाच. पासबुकात रक्कम दिसते. औषधाच्या दुकानात उधारी वाढत जाते.

बँक ज्याला सज्ञान म्हणते, तोच मुलगा अनुदानाच्या अर्जात पुन्हा बापावर अवलंबून ठरतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजारांहूनही कमी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत हेल्पर असलेला बापही या मर्यादेत बसत नाही. सही हवी तेव्हा मुलगा मोठा आणि पैसे द्यायचे तेव्हा लहान, हा न्याय कोणता, याचे उत्तर पालकांना लेखी हवे आहे.

सतरा पूर्ण केलेल्या मुलांची यादी करून पालकत्वाचे अर्ज आधीच घेऊ, असे संबंधित कार्यालयाने मागे सांगितले होते. ती यादी शेवटी पालकांनीच करून दिली. पुढच्या भेटीत तीच यादी पुन्हा मागण्यात आली. तालुक्याच्या गावी शिबिर घेण्याचा शब्दही असाच हवेत राहिला.

म्हणून मुख्य मागणी एकच : अर्ज सतराव्या वर्षी घ्यावा आणि पालकत्वाचे प्रमाणपत्र अठरावे वर्ष पूर्ण होताच हाती द्यावे. तोपर्यंत आईच्या सहीने अनुदानापुरते खाते चालू ठेवण्याची लेखी सूचना बँकांना मिळावी. अंगठा उमटत नाही तिथे चेहऱ्यावरून ओळख पटवावी, आणि जो अंथरुणावर आहे त्याच्या घरी कर्मचारी यावा. उत्पन्न मोजायचे तर सज्ञान दिव्यांगाचे स्वतःचे मोजावे.

अठरानंतरच्या कार्यशाळा वाढवाव्यात. नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली कोल्हापुरातच दिव्यांगांसाठी ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. संस्थांनी आपला वाटा केव्हाच उचलला आहे; आता शासनाने उचलावा. ग्रामपंचायतींच्या पाच टक्के दिव्यांग निधीचा हिशेब जाहीर व्हावा. २०१२ पासून ३०० रुपयांवर थांबलेल्या केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी राज्याने पाठपुरावा करावा.

या निवेदनाचे उत्तर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि तारीख घालून पंधरा दिवसांत मिळावे. ते न मिळाल्यास पालक जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे धरतील. मुलांना घरी सांभाळायला दुसरे कोणी नसल्याने तीही सोबत असतील. त्यांच्यासाठी सावली, पाणी आणि चाकाची खुर्ची आत जाईल असे शौचालय त्या दिवशी उपलब्ध ठेवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
दिव्यांग मुलांचे पालक, कोल्हापूर जिल्हा