दीड तासाची तजवीज

टाळेबंदीच्या काळात अभ्यासाच्या निमित्ताने मुलांच्या हाती आलेला मोबाइल शाळा पूर्ववत सुरू झाल्यावरही सुटेना आणि त्यांचे वाचनलेखन मंदावल्याची तक्रार खुद्द शिक्षकच करू लागले, तेव्हा सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून एक शिरस्ता घातला: सायंकाळी सातला देवळावरील भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद व्हावेत, ते साडेआठच्या भोंग्यापर्यंत उघडू नयेत. या तजविजीचे मर्म भोंग्यात नाही. शेजारच्या घरातील पडदाही त्याच वेळी विझलेला असतो, यात आहे. उपदेशक मंडळी बहुधा सगळा भार एकट्या माणसाच्या निग्रहावर टाकतात. परंतु बोट सरकवावे तितकी पुढची चित्रफीत आपोआप समोर यावी अशी योजना ज्या यंत्रात बुद्धिपुरस्सर केलेली आहे, त्याच्यापुढे बारा वर्षांच्या मुलाचा निग्रह कितीसा टिकणार? (आणि त्याच्या तीर्थरूपांचा तरी?)

आमच्या महाड-पोलादपूरच्या ग्रामसभांनी हा कित्ता अवश्य गिरवावा, मात्र जसाच्या तसा नव्हे. महाडात पावसाळ्यातला भोंगा म्हणजे सावित्री नदीच्या पुराचा इशारा; त्याला दुसरा अर्थ चिकटवणे घातक ठरेल. जुलै २०२१मध्ये तळिये, केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी कोसळल्या, महाड शहर पाण्याखाली गेले आणि संपर्काची साधने मुकी झाली, हे ज्यांनी भोगले त्यांना पावसाळी रात्री फोन बंद ठेवण्याचे फर्मान काढणे हा निव्वळ अविचार होय. शिवाय येथील कित्येक घरांचा कर्ता पुरुष मुंबईत चाकरमानी. कामावरून सुटल्यावर त्याचा फोन येतो तो याच सुमारास, आणि त्याची वाट पाहत म्हातारी आई ओटीवर बसलेली असते. म्हणून बंदी पडद्यावर असावी, कानाला लावलेल्या फोनवर नसावी. इशारत देवळातल्या घंटेने द्यावी. आणि वेळ गावाच्या मुंबईकर मंडळाच्या विचाराने मुक्रर करावी, कारण शिमग्या-गणपतीला आलेला चाकरमानीच मोबाइलात मान घालून बसणार असेल, तर पोरांना दटावण्याचा अधिकार कोणाला उरतो?

वडगावात आशा व अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक यांनी प्रारंभी घरोघर फिरून समजूत घातली होती. येथे वाड्या डोंगरांवर विखुरलेल्या असल्याने ते कष्ट दुप्पट पडतील, आणि ज्यांची झोप, नोकरी वा शिक्षणच मोबाइलच्या नादापायी धोक्यात आले आहे, त्यांना घंटेच्या भरवशावर न ठेवता पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात नेण्याची व्यवस्थाही ग्रामसभेच्या ठरावातच करावी लागेल.