शाई भरून घ्यावी कीं नवी डबी आणावी?

शाळेच्या वार्षिकांत प्रिंटरच्या शाईवर लेख लिहावा, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु परीक्षेच्या आदल्या सायंकाळीं प्रश्नपत्रिका अर्ध्यावर येऊन फिकट होतांना ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हा विषय क्षुद्र वाटणार नाहीं. प्रश्नपत्रिका, सूचना, शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, सारें आतां याच यंत्रांतून निघतें. आणि त्याचा भार कोणत्या ना कोणत्या रूपानें पालकांवर पडतो. शहापूर व आसपासच्या खेड्यांतील ज्या घरांचें वर्ष धानाच्या पिकावर अवलंबून, त्यांच्या पैशानें आणलेली शाईची डबी रिकामी होतांच केरांत टाकावी, कीं तींत पुन्हां शाई भरून घ्यावी? आम्ही भरून घेण्याच्या पक्षाचे आहोंत. मात्र कांहीं मर्यादा राखून, आणि त्या मर्यादा सांगितल्यावांचून आमचें मत अर्धवट राहील.

आपलें भंडारा शहर पितळी भांड्यांविषयीं प्रसिद्ध. पातेल्याची कल्हई उडाली म्हणून पातेलें कोणी टाकून देत नसे. कल्हईवाल्यास हांक मारीत. शाईच्या बाबतींतही हाच क्रम होता. गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्याचें काम पाहून स्वतःचा शिळाछाप उभारला व १८३१ सालीं पंचांग छापून काढलें, तेव्हां शाईसुद्धां त्यांनीं स्वतःच खटपट करून सिद्ध केली. पुढें १९३१ सालीं दांडेकर बंधूंनीं मुंबईंत शाईच्या पुडीचा व वड्यांचा धंदा आरंभिला. तोच आज कॅम्लिन या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. वडी पाण्यांत विरघळवावी, दौत भरावी, आणि दौत फुटेपर्यंत तीच वापरावी. शाईबरोबर दर वेळीं दौतही नवी घेतलीच पाहिजे असें एखादा दुकानदार म्हणता, तर आमच्या आजोबांनीं त्यास वेड्यांत काढलें असतें.

आज नेमकें तेंच चाललें आहे. प्रिंटर स्वस्त द्यावयाचा व नफा डब्यांवर काढावयाचा, ही पुष्कळ उत्पादकांची रीत. डबीवर एक चिमुकली चिप बसवितात. ती प्रिंटरला सांगते कीं ही डबी आमच्या घरची आहे व आतां संपली आहे. सप्टेंबर २०१६ मध्यें एचपी कंपनीचे कित्येक प्रिंटर परक्या डब्या एकाएकीं नाकारूं लागले, तेव्हां ग्राहकांनीं मोठा गिल्ला केला. उलट २०२२ सालीं चिपांची जगभर टंचाई पडली, तेव्हां कॅनन कंपनीस कांहीं डब्या चिपेवांचूनच विकाव्या लागल्या, आणि यंत्र जी धोक्याची सूचना दाखवील तिच्याकडे दुर्लक्ष कसें करावें हें तिनेंच जर्मनींतील ग्राहकांस समजावून सांगितलें. चिपेवांचून छपाई होते, हें याहून अधिक स्पष्ट कोण सांगणार?

आमचे कांहीं स्नेही म्हणतात, डबी पुन्हां भरणें हा उत्पादकाशीं अप्रामाणिकपणा आहे. आक्षेप गंभीर आहे, म्हणून त्यास उत्तर दिलें पाहिजे. लेक्समार्क कंपनीनें अमेरिकेंत हाच वाद न्यायालयांत नेला होता. तिचें म्हणणें, आम्ही डबी सवलतीनें विकली ती पुन्हां न भरण्याच्या अटीवर. तेथील सर्वोच्च न्यायालयानें ३० मे २०१७ रोजीं निर्णय दिला कीं, वस्तु एकदां विकली म्हणजे तिच्यावरील पेटंटचा हक्क सरला. तो कायदा परक्या देशाचा खरा; पण त्यामागील न्याय आमच्या आठवडी बाजारांतील भाजीवालीसही कळेल. अप्रामाणिक कोण? तर जो भरलेली डबी नव्या वेष्टनांत बांधून नवी म्हणून विकतो तो. तशी डबी घेण्यापेक्षां, 'ही भरलेली आहे' असें उघड सांगून कमी दाम घेणाऱ्या दुकानदाराकडे जावें.

कोणी नव्या द्राक्षारसाचा व जुन्या बुधल्यांचा दाखला देईल. तो येथें फारच चपखल बसतो, व आमच्या पहिल्या मर्यादेचें कारणही तोच सांगतो. पुष्कळ स्वस्त प्रिंटरांत शाई उडविणारें हेड डबीलाच जोडलेलें असतें. त्याच्या सूक्ष्म छिद्रांमागें शाई क्षणार्धांत तापून तिचा बुडबुडा होतो व थेंब कागदावर फेंकला जातो. शाईच त्या हेडाला थंडही ठेवते. शाई संपल्यावर छपाई रेटली तर तें जळतें. म्हणून डबी अगदीं कोरडी पडण्यापूर्वींच भरावी. आणि भरूनही रेघा तुटूं लागल्या तर बुधला जुना झाला असें समजून नवी घ्यावी. शाईही त्याच जातीची हवी, कारण रंगद्रव्य विरघळलेली शाई व कण तरंगत असलेली शाई एकत्र झाल्यास छिद्रें बुजूं शकतात.

कार्यालयांतील लेझर प्रिंटरचा टोनर ही निराळी गोष्ट. ती शाई नव्हेच. ती प्लॅस्टिकची रंगीत भुकटी, उष्णतेनें कागदावर वितळविलेली. ती फार बारीक असते व श्वासाबरोबर आंत जाऊं नये. ती भरण्याचें काम मुलें बसतात त्या खोलींत शिपायाकडून करवूं नये. जाणत्या कारागिराकडे द्यावें, व त्यानें उरलेली टाकाऊ भुकटीही काढली कीं नाहीं हें विचारावें.

दुसरी मर्यादा कागदाची. शाळा सोडल्याचा दाखला मनुष्यास चाळीस वर्षांनींही लागतो. पाण्याच्या एका थेंबानें ज्याचीं अक्षरें पसरतात असा दाखला गरिबाच्या मुलाच्या हातीं देणें म्हणजे त्यास पुढें खेटे घालावयास लावणें होय. दाखले व गुणपत्रकें यांसाठीं टिकाऊ छपाईच हवी; तेथें चार पैसे वांचविणें आम्हांस मान्य नाहीं. सूचना, सराव प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाचे कार्यक्रम यांस भरलेली शाई पुष्कळ झाली.

कचऱ्याचाही विचार आहे. ई-कचऱ्याविषयींचे जे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आले, त्यांच्या यादींत प्रिंटर व त्यांच्या डब्याही आहेत. म्हणजे निकामी डबी इतर केराबरोबर जाळणें योग्य नव्हे. पांच हजारांस जेवूं घातल्यावर उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा करविणाऱ्या प्रभूचें नांव घेणाऱ्या शाळेंत, अर्धें आयुष्य शिल्लक असलेली डबी टाकून देण्याची घाई आम्हांस शोभत नाहीं.

या तंट्याचा निकाल ग्राहकांनींच पुष्कळसा लाविला आहे. इंडोनेशियांत लोक आपल्या प्रिंटरांस बाहेरून टाक्या व नळ्या जोडूं लागले, तें पाहून एप्सन कंपनीनें २०१० सालीं तेथेंच प्रथम टाकीचा प्रिंटर विक्रीस आणला. आतां तसे प्रिंटर आपल्याकडेही सर्वत्र मिळतात: किंमत आरंभीं अधिक, शाई मात्र बाटलीनें ओतावयाची. दौत परत आली म्हणा ना! शाळेचें पुढील यंत्र याच जातीचें घ्यावें असें आम्हीं चालकांस सुचवितों. तोंपर्यंत कार्यालयास एक विनंती: मे महिन्याच्या सुटींत आपल्या भागांतील उन्हानें शाई छिद्रांतच वाळते, मग ती नवी असो कीं भरलेली, तेव्हां कुलूप लावून जातांना किल्ली ज्याच्याजवळ राहील, त्यास आठवड्यांतून एकदां एक रंगीत पान छापावयास सांगून ठेवावें.